ऑर्किड सडलं, पण त्याच कुंडीतलं मॉस हिरवं झालं

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलंय. भेट म्हणून आलेलं त्यांचं फॅलेनॉप्सिस ऑर्किड यंदाच्या पावसाळ्यात सडून गेलं. कुंडी रिकामी करायला घेतली तर आतल्या पिवळट मॉसच्या गोळ्यावर पाच-सहा हिरवी टोकं फुटलेली. हे स्फॅग्नम मॉस आहे, एवढं त्यांना दुकानदाराने सांगितलं. त्यांचे प्रश्न असे: ऑर्किड मेलं तर मॉस कसं जगलं? ते घरी वाढवता येईल का? आणि शेतावर डाळिंबाच्या गुट्या बांधायला (म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून नवं रोप करायला) एवढं महाग मॉस आणण्यापेक्षा विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडून वापरलं तर चालेल का?

ताई, मी गेली २२ वर्षं कलमांची आणि ऑर्किडची नर्सरी चालवते. स्फॅग्नम जवळजवळ रोज हातात असतं. तुमचे तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन थांबतात. ही वनस्पती अत्यंत गरीब, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेल्या, पाण्यावर जगायला बनलेली आहे. तिच्या अंगात पाणी भरपूर असतं, अन्न जवळजवळ नसतंच. हे एकदा नीट कळलं की कुंडी, ट्रे आणि गुटी, तिन्हीकडे काय करायचं ते आपोआप सुचत जातं.

आधी ओळख करून घेऊ. मराठीत आपण ओल्या फरशीवरच्या बुळबुळीत थरालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमली हिरवळीलाही शेवाळच म्हणतो. बुळबुळीत असतं ते शैवल. मखमलीसारखं, बोट फिरवल्यावर कोरडं-मऊ लागणारं असतं ते मॉस. त्याला बारीक खोड आणि पानं असतात, खरी मुळं नसतात, फूल-बी नसते. स्फॅग्नम हा मॉसमधलाच एक वंश आहे. जगभरात त्याच्या तीनशेहून जास्त जाती आहेत आणि बाकीच्या मॉसपेक्षा त्याची घडण फार वेगळी आहे.

जिवंत स्फॅग्नमची एक काडी तळहातावर घेऊन बघा. शेंड्याला आखूड फांद्यांचा दाट गोंडा असतो. चिलीमध्ये हे मॉस गोळा करणारे लोक त्याला ‘पॉम्पॉन’ म्हणतात, म्हणजे गोंडाच. वाढ होते ती फक्त या गोंड्यातून. खाली खोडावर ठरावीक अंतराने फांद्यांचे झुबके असतात आणि प्रत्येक झुबक्यात दोन प्रकारच्या फांद्या असतात. काही बाहेर पसरलेल्या, तर काही खाली लोंबून खोडाला गुंडाळलेल्या. या लोंबत्या फांद्या समईतल्या वातीचं काम करतात. मूळ नसलं तरी खालचं पाणी त्यांच्यामधून शेंड्यापर्यंत चढतं.

आता एक पान भिंगाखाली धरा, जमलं तर शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली. पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं. हिरव्या, चिंचोळ्या, जिवंत पेशींचं जाळं दिसतं आणि जाळ्याच्या प्रत्येक घरात एक मोठी, काचेसारखी रिकामी पेशी. ती मेलेली असते. तिच्या भिंतीला बारीक भोकं असतात आणि आतून बांगड्यांसारखी कडी असतात, म्हणून ती रिकामी झाली तरी चेपत नाही. पाणी आलं की ती भरते, पाणी गेलं की हवेने भरते. वाळलेलं मॉस पांढरट दिसतं ते याच हवेमुळे. पाण्यात टाकल्यावर काही सेकंदांत त्याचा रंग गडद होतो, तेव्हा हवा बाहेर आणि पाणी आत जात असतं. कोरड्या वजनाच्या साधारण वीसपट पाणी ते धरू शकतं. कापूस धरतो पाच-सहापट. दीडशे ग्रॅमची दाबलेली वडी भिजत घातली की दहा-बारा लिटर मॉस होतं, ते याच रिकाम्या पेशींमुळे.

याचा उपयोग माणसांनी फार जुन्या काळापासून केलाय. पहिल्या महायुद्धातली गोष्ट मला विशेष वाटते. बंदुकीच्या स्फोटकांना आणि गणवेशांना कापूस लागत होता, जखमांवर बांधायला पुरत नव्हता. नोव्हेंबर १९१४ मध्ये एडिंबरोचे शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि तिथल्या शाही वनस्पती उद्यानाचे प्रमुख आयझॅक बेली बाल्फोर यांनी वर्तमानपत्रात लिहून स्फॅग्नमच्या पट्ट्या वापरायचं सुचवलं. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या तयार होत होत्या. बायका, मुलं दलदलीत उतरून मॉस गोळा करायची, वाळवून हाताने काड्या-कचरा निवडायची. रक्त आणि पू शोषून घ्यायला ते कापसापेक्षा सरस होतंच, शिवाय जखम चिघळण्याचं प्रमाण कमी राहायचं. कारण स्फॅग्नम आंबट असतं आणि बहुतेक जिवाणूंना ते मानवत नाही.

हा आंबटपणा समजून घेणं आपल्या कामाचं आहे. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिका पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ओढून घेतात आणि बदल्यात हायड्रोजन सोडतात. त्यामुळे भोवतालचं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं, पीएच चारच्या आसपास, कधी त्याहून खाली. आयर्लंड, स्कॉटलंड, कॅनडा, रशिया, न्यूझीलंडचा पश्चिम किनारा, दक्षिण चिली, असे जे थंड आणि सतत ओले प्रदेश आहेत, तिथे स्फॅग्नमच्या दलदली मैलोन्‌मैल पसरलेल्या असतात. जिथे हा थर जमिनीपेक्षा उंच वाढलाय, तिथे ना झऱ्याचं पाणी पोचतं ना ओढ्याचं. वरून पडेल तेवढाच पाऊस. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच. तेवढ्यावर हे मॉस भागवतं आणि पाणी आंबट करून इतर झाडांना तिथे पाय रोवू देत नाही. तिथे उगवणाऱ्या वनस्पती बघा, दवबिंदू, घटपर्णी, म्हणजे कीटक खाऊन नत्र मिळवणाऱ्या. जमिनीत काही मिळतच नाही, तर करणार काय.

वरचं टोक वाढत राहतं आणि खालचं मरतं, पण कुजत नाही. प्राणवायू नाही, आम्ल भरपूर. तोच थर साचून पीट बनतो, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर पीट तयार व्हायला हजार वर्षं. १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये पीट खणणाऱ्यांना एक मृतदेह सापडला. चेहरा, डोक्यावरची कातडी टोपी, हनुवटीवरचे दाढीचे खुंट इतके ताजे की नुकताच खून झालाय असं समजून पोलिसांना बोलावलं गेलं. तो माणूस निघाला सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. टोलुंड मानव म्हणून तो आज सिल्केबोर्गच्या संग्रहालयात आहे.

आपल्या देशात स्फॅग्नम आहे ते प्रामुख्याने हिमालयात आणि ईशान्येत. सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचल, मेघालय अशा भरपूर पावसाच्या, गार डोंगरांत. महाराष्ट्राच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, त्याची दलदल का नाही, असं मला अनेक जण विचारतात, कारण कासच्या पठारावर बाकी सगळं जुळतं. जांभ्याचा खडक, जेमतेम माती, पावसाचं पाणी साचलेलं, अन्नद्रव्यं जवळजवळ नाहीत. म्हणून तर तिथेही दवबिंदू आहे आणि सीतेची आसवं आहेत, दोन्ही कीटकभक्षी. फरक पावसाळ्यानंतर पडतो. ऑक्टोबरनंतर सडा वाळतो आणि जूनपर्यंत तापत राहतो. तिथल्या वनस्पती बी टाकून किंवा जमिनीखाली कंद ठेवून उन्हाळा काढतात. स्फॅग्नमला ती सोय नाही. त्याला बाराही महिने ओल लागते. तुमच्या साताऱ्याच्या घरी ते वाढवायचं म्हणजे नेमके हेच आठ कोरडे महिने त्याला चुकवून द्यायचे आहेत.

आता तुमच्या कुंडीकडे येते.

फॅलेनॉप्सिस हे मूळचं फिलिपीन्स, इंडोनेशियाकडचं, झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारं. त्याची मुळं हवेत लोंबतात. मुळावर पांढरा स्पंजासारखा थर असतो, पाऊस आला की पिऊन हिरवा होतो, तासाभराने वाळून परत रुपेरी. ओलं आणि कोरडं, हे चक्र मुळाला लागतं. निर्यात करणाऱ्या मोठ्या नर्सऱ्या ही रोपं स्फॅग्नममध्ये वाढवतात ते त्यांच्या सोयीसाठी. मॉस हलकं असतं, प्रवासात पाणी टिकतं, नर्सरीत तापमान आणि वारा दोन्ही ताब्यात असतात. तेच रोप आपल्याकडे जुलैत येतं, हवेत आर्द्रता आधीच नव्वद टक्के, वारा नाही, ऊन नाही. आपण बघतो तर वरचं मॉस वाळलेलं, म्हणून पाणी घालतो. गोळ्याच्या गाभ्यात मात्र आठवडाभर चिंब ओल असते.

मुळं सडली ती मॉस सडल्यामुळे नव्हे. मॉस ठणठणीत होतं, त्यालाच तर कोंब फुटले. मुळांना हवा मिळाली नाही, ती घुसमटून मेली आणि मग बुरशीने ती खाल्ली. स्फॅग्नम स्वतः सहजासहजी कुजत नाही, म्हणून वरून सगळं स्वच्छ, ताजं दिसतं, वासही येत नाही आणि आपण फसतो. पावसाळ्यात बाजारातून आणलेलं फॅलेनॉप्सिस मी त्याच दिवशी कुंडीतून काढते. मुळांच्या मधोमध दाबून बसवलेला मॉसचा जुना गोळा असतो, लहानपणी रोपाला घातलेला, लिंबाएवढा, घट्ट. तो बोटांनी, पाण्याच्या बारीक धारेखाली सोडवून काढायचा. निम्म्याहून जास्त रोपांची मुळं तिथूनच सडायला लागलेली मला दिसली आहेत. मग पारदर्शक, भोकांची कुंडी घ्यायची, कोळसा आणि पाइनच्या सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे भरायचे आणि मॉस फक्त वर, चार-सहा काड्या, तीसुद्धा सैल. पारदर्शक कुंडीतून मूळ रुपेरी दिसलं की पाणी, हिरवं असेल तर हात लावायचा नाही. उन्हाळ्यात मॉस थोडं वाढवलं तरी चालतं.

मग मॉस कशामुळे जगलं? तुम्ही वरून पडणारं पावसाचं पाणी कुंडीत जाऊ दिलं असणार. ऑर्किडला जी चिंब ओल नको होती ती मॉसला हवीच होती. न्यूझीलंड-चिलीहून येणारं मॉस वाळवलेलं असतं, तरी त्यातल्या काही काड्यांच्या काखेतले बारीक कोंब किंवा चिकटून आलेले बीजाणू तग धरून असतात. स्वच्छ पाणी, उजेड आणि काही महिन्यांची सलग ओल मिळाली की हिरवं टोक बाहेर येतं. सगळ्याच पाकिटांत हे होत नाही, पण होतं तेव्हा मला अजूनही आनंद होतो.

घरी वाढवायचं तर सगळ्यात आधी पाण्याचा विचार. मी पहिल्यांदा स्फॅग्नम वाढवायला घेतलं तेव्हा बोअरचं पाणी वापरलं. नर्सरीतली सगळी झाडं त्याच पाण्यावर होती. तीन आठवड्यांत गोंडे तपकिरी झाले, मग काळे, मग वर हिरवं शैवल चढलं. अख्खा ट्रे गेला. नंतर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून पाहिला तर आकडा पाचशेच्या वर. काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. स्फॅग्नम ते आवरेल तेवढं ओढून घेतं, पाण्याचा आंबटपणा मोडतो आणि ते मरतं. तेव्हापासून माझा नियम आहे, टीडीएस पन्नासच्या आत. पावसाचं पाणी उत्तम. पहिल्या एक-दोन पावसांनंतर पत्र्यावरची धूळ धुऊन गेली की झाकणाच्या पिंपात भरून ठेवायचं. लहान ट्रेला वर्षाला दोन-तीन पिंपं पुरून उरतात. आरओचं गाळलेलं पाणी चालतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, मात्र नळी आणि एसीची आतली जाळी स्वच्छ हवी.

दुसरी गोष्ट खताची. काहीही घालू नका. शेणखत नाही, जीवामृत नाही, एनपीके नाही, अगदी तांदळाचं धुवणसुद्धा नाही. झाड निस्तेज दिसलं की आपला हात खताकडे जातो, ही शेतकऱ्याच्या घरातली सवय आहे आणि इतर बहुतेक झाडांबाबत ती बरोबर आहे. स्फॅग्नमला खत दिलं की पहिल्यांदा शैवल वाढतं, मग बुरशी, मग मॉस दिसेनासं होतं. ऑर्किडच्या कुंडीत वरचं मॉस वर्षभरात लगदा होतं त्याचंही हेच कारण. खत आणि क्षारांच्या जड पाण्यामुळे त्याची कुजण्याला अडवणारी ताकद संपते. असं मॉस बोटांत चुरलं तर चिखलासारखं लागतं. दिसलं की बदलायचं.

उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. उत्तरेकडची खिडकी, किंवा पांढरा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास. तापमान पंधरा ते पंचवीस अंश असेल तर ते सुखात वाढतं. तिशी ओलांडली की वाढ थांबते, मेलेलं मात्र नसतं. एप्रिल-मेमध्ये मी ट्रे घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीवर ठेवते. झाकण पूर्ण बंद ठेवलं तर आत वाफ कोंडून मॉस शिजतं, म्हणून उन्हाळ्यात झाकणाला बोटभर फट. घर महाबळेश्वर-पाचगणीकडे असेल तर गारव्याचा प्रश्न सुटतो, हवेच्या कोरडेपणाचा सुटत नाही. झाकण तिथेही लागतंच.

आता गुटीबद्दल. हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण त्यात घरचा पैसा गुंतलाय.

विहिरीच्या कठड्यावरचं, जुन्या भिंतीवरचं मॉस वापरू नका. ते बहुधा हायोफिला असतं. पावसात हिरवंगार, ऊन पडलं की पानं आतल्या बाजूला वळून तपकिरी काथ्यासारखं. त्यावर चमचाभर पाणी टाकून बघा, डोळ्यांदेखत पानं उलगडतात. सुंदर वनस्पती आहे, पण तिची युक्ती वेगळी आहे. ती पाणी साठवत नाही, वाळून झोपी जाते आणि पाणी आलं की जागी होते. स्फॅग्नमसारख्या रिकाम्या मोठ्या पेशी तिच्यात नाहीत. उंची बोटाच्या पेराएवढीही नसते, खरवडताना निम्मी माती आणि चुना सोबत येतो. अशा मॉसची गुटी चार दिवसांत कोरडी पडते. मातीबरोबर बुरशी आणि कीड जाते ते वेगळंच.

तुम्ही बहुतेक जून ते सप्टेंबरच्या काळात गुट्या बांधणार. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. तेल्या आलेल्या बागेतून गुटी अजिबात घेऊ नका, रोपाबरोबर रोग पुढच्या बागेत जातो. अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद साल गोल काढा आणि खालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. वरच्या कापाला आयबीए संजीवक लावा. मॉस आदल्या रात्री भिजवून ठेवलेलं असावं. मूठभर घ्या आणि आवळा. पाणी धारेने आलं तर अजून पिळा, थेंबाथेंबाने यायला लागलं की योग्य. मग मूठ सोडा. चांगलं स्फॅग्नम हळूहळू फुगून परत वर येतं. फुगलं नाही, मुठीचा ठसा तसाच राहिला, तर ते मॉस जुनं आहे, घेऊ नका. ही परीक्षा दुकानातच, थोडं भिजवून मागून करा.

गोळा कापावर घट्ट बसवून प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरचं टोक विशेष घट्ट, कारण फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी आत गेलं तर तुमच्या ऑर्किडचं झालं तेच इथे होतं. मॉसमध्ये ओल आणि हवा दोन्ही हवी. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, ती किंचित तपकिरी होऊ द्या. मग गुटीखाली आधी अर्धा छेद, आठवडा-दहा दिवसांनी पूर्ण काप.

कोकोपीट चालतं का? चालतं, आणि शेकडोंनी गुट्या बांधायच्या असतील तर मी तेच सांगते. फक्त ते गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, कच्च्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. त्यात एक उणीव आहे. प्लास्टिक सोडलं की भुसा गळून पडतो आणि कोवळी मुळं तुटतात. स्फॅग्नमच्या लांब काड्या मुळांना धरून ठेवतात, गोळा अखंड पिशवीत जातो. मधला मार्ग म्हणून मी कापाभोवती पातळ थर मॉसचा आणि बाहेरून कोकोपीट असं बांधते. मॉस निम्म्याहून कमी लागतं आणि मर कमी होते.

बाजारात नावांचा गोंधळ आहे, तेवढं जपा. पीट मॉस म्हणजे वर सांगितलेला शतकानुशतकांचा काळपट थर, तो गुटीला उपयोगी नाही. मनीप्लांट चढवायला ‘मॉस स्टिक’ म्हणून जी काठी मिळते तिच्यावर बहुतेक वेळा नारळाचा काथ्या असतो. आणि गडद एकसारखं हिरवं सजावटीचं मॉस रंगवलेलं असतं, भिजवलं की पाणी हिरवं होतं.

आणखी एक प्रकार विकला जातो, जंगलातल्या झाडांच्या खोडांवरून सोलून आणलेलं ओलं मॉस. गणपतीच्या आराशीला, नाताळच्या गोठ्याला लोक घेतात. कृपा करून ते घेऊ नका. सह्याद्रीतल्या त्या मॉसच्या गादीत रानटी ऑर्किडचं धुळीसारखं बी अडकून रुजतं, गोगलगायी आणि बेडकांची पिल्लं राहतात, पावसाचं पाणी खोडावर थांबतं. हाताने पाच मिनिटांत सोललेला तो थर परत यायला वर्षानुवर्षं लागतात आणि आपण तो दहा दिवसांत कचऱ्यात टाकतो. मला हे बघवत नाही.

स्फॅग्नमबद्दलही हाच विचार मनात असू द्या. पीटच्या दलदली जगाच्या जमिनीच्या सुमारे तीन टक्केच आहेत, पण जगातल्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी जवळजवळ एक-तृतीयांश त्यांच्यात आहे. आयर्लंडमधल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या पीट खणल्यावर २०२१ मध्ये ते काम थांबवल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे येणारं मॉस वरच्या जिवंत थरातलं असतं. नीट काढलं, खाली रुजायला पुरेसं सोडलं, तर ते पुन्हा वाढतं, पण परत काढण्याजोगं व्हायला कित्येक वर्षं जातात. म्हणून मी वापरलेलं स्वच्छ मॉस फेकत नाही. उकळत्या पाण्यात टाकून, वाळवून, रोपांच्या कुंड्यांवर आच्छादन म्हणून पुन्हा वापरते.

मॉस हाताळताना रबरी हातमोजे घाला, विशेषतः बोटाला काटा लागलेला असेल तर. स्फॅग्नमवर स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. ती जखमेतून शिरली की हातावर रांगेने गाठी येतात आणि महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं. १९८८ मध्ये अमेरिकेत स्फॅग्नममध्ये गुंडाळलेली पाइनसारख्या सूचीपर्णी झाडांची रोपं हाताळणाऱ्या ८४ लोकांना तो आजार झाला होता. डाळिंबाच्या बागेत हाताला काटे लागतातच. आपल्याकडे मजूर बायका उघड्या हाताने मॉस पिळतात. त्यांना हातमोजे देणं ही आपली जबाबदारी आहे. कोरडं मॉस फोडताना धूळ उडते, आधी पाणी शिंपडा आणि नाकाला रुमाल बांधा.

राहता राहिली तुमची ती पाच-सहा टोकं. एक उथळ, झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, मिठाईचा चालेल. तळाशी दोन-तीन इंच त्याच कुंडीतलं न कुजलेलं, पावसाच्या पाण्यात चार वेळा धुतलेलं मॉस सैल पसरा. हिरवी टोकं दोन-तीन सेंटिमीटर काडीसह कात्रीने कापून, गोंडे वर येतील असं उभं खोचा, एकमेकांना चिकटून, कारण ती गर्दीत एकमेकांची ओल धरतात. डब्यात पावसाचं पाणी तळापासून बोटभर ठेवा, गोंडे बुडता कामा नयेत. झाकण लावा, उत्तरेच्या खिडकीत ठेवा. पहिला महिना काहीच हललेलं दिसणार नाही. झाकणाला आतून दव धरत असेल आणि टोकं हिरवी असतील तर डबा उघडू नका. शैवल दिसलंच तर चिमट्याने तेवढं उचला आणि पाणी बदला. दिवाळीला लावलंत तर होळीपर्यंत टोकांच्या बाजूने नवे गोंडे फुटलेले दिसतील. मग एप्रिलच्या आधी डबा फरशीवर, गार खोलीत हलवा.